पाटीपासून पडद्यापर्यंत

दिवाळी अंकातील टीकालेखाने एखादे पुस्तक हाती घ्यावे आणि त्याचे गुणदोष सांगावेत, अशी आपली रीत आहे. मीही ती आजवर पाळीत आलो. ह्या खेपेस मात्र मी जे परीक्षणास घेतले आहे, त्याचा अर्धा भाग आपल्या बायकांनी आत्मचरित्रांतून लिहून ठेवला आहे आणि उरलेला अर्धा, माझ्या वाचनापुरते बोलावयाचे तर, अजून कोणी लिहिलेलाच नाही. हे ध्यानात आले तेही घरी कपाटापुढे बसून नव्हे. बोईसरला एका संगणकवर्गात.

त्याचे असे झाले. माझी नात्यातली एक वहिनी पालघरला राहते. लग्नापूर्वीच तिने टंकलेखनाच्या दोन्ही परीक्षा दिल्या होत्या. मराठीची तीस शब्दांची आणि इंग्रजीची चाळीस शब्दांची. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याच्या कचेरीत ती कामालाही होती. दुसरे मूल झाले आणि नोकरी सुटली, ती चौदा वर्षे सुटलेलीच राहिली. आता थोरला दहावीत गेला, तेव्हा पुन्हा काम पाहावे असे तिच्या मनाने घेतले, पण जिथे विचारावे तिथे पहिला प्रश्न एकच, “कॉम्प्युटर येतो का?” तेव्हा तिने बोईसरच्या वर्गात नाव घातले. पहिल्या दिवशी मला म्हणाली, “भाऊजी, आजच्या दिवस बरोबर चला. एकटीनं जायला कसंतरीच वाटतंय.” मी गेलो. पालघरहून डहाणूकडच्या लोकलने मध्ये एक उमरोळी सोडली की बोईसर. स्टेशनच्या पश्चिमेला, वसाहतीकडे जाणाऱ्या रस्त्यावर, एका औषधाच्या दुकानावरच्या मजल्यावर तो वर्ग होता. वेळ दुपारी दोन ते चार. दहा-अकरा बायका, कोणी सरावलीची, कोणी चिंचणीची, दोघी-तिघी वसाहतीत कंत्राटी कामगार असलेल्यांच्या घरच्या. शिकविणारा मुलगा जेमतेम पंचविशीचा. तो त्यांना ताई म्हणत होता आणि त्या त्याला सर म्हणत होत्या; त्यांतल्या एकीचा मुलगा त्याच्याच वयाचा असावा.

मी मागच्या खुर्चीवर बसलो होतो. पुढच्या रांगेतील एका बाईने माऊसवर हात ठेवला, पडद्यावर काहीतरी हलले, आणि तापलेल्या तव्यावरून घ्यावा तसा तिने हात मागे घेतला. मग तिने विचारले, “सर, चुकलं तर काही बिघडणार नाही ना?”

हसण्यासारखे त्यात काही नव्हते, आणि कोणी हसलेही नाही. सगळ्यांच्या मनातला प्रश्न एकीने विचारला होता, इतकेच. परतीच्या गाडीत मात्र तो प्रश्न माझ्या मागे लागला. हा स्वर आपण कुठेतरी वाचला आहे, असे राहून राहून वाटत होते. घरी येऊन मी जुनी पुस्तके काढली, आणि पाहतो तो काय, मराठी स्त्रीच्या आत्मकथनाचा सारा ओघ ह्याच प्रश्नाने सुरू झालेला!

रमाबाई रानडे ह्यांचे ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ हे पुस्तक १९१० साली निघाले. आपण ते न्यायमूर्तींचे चरित्र म्हणून वाचतो, आणि बाईंनी ते लिहिलेही त्याच भावनेने. पण बोईसरहून येऊन ते पुन्हा वाचताना मला त्यात एका शिकणाऱ्या मुलीची गोष्ट दिसू लागली. १८७३ साली अकरा वर्षांची मुलगी लग्न होऊन पुण्याच्या घरात येते, अक्षरओळख नाही, नवरा तिला शिकवावयास बसतो. आता ही मुलगी अडते कुठे? जोडाक्षरांत ती फार काळ अडत नाही. इंग्रजीदेखील पुढे ती आत्मसात करते. तिला अडविते ते घर. दिवसभर वावरावयाचे ते थोरल्या बायकांच्या डोळ्यांसमोर, आणि त्यांना हे शिकणे मान्य नाही. एकीकडे नवऱ्याची इच्छा, दुसरीकडे माजघराची नापसंती. आणि मधल्या मध्ये पुस्तक कुठे ठेवावे, केव्हा उघडावे, किती मोठ्याने वाचावे ह्याचा हिशेब त्या कोवळ्या मुलीने करावयाचा. ह्या पुस्तकाचे खरे सामर्थ्य मला इथे वाटते. थोर पुरुषाचे चरित्र सांगता सांगता बाईंनी त्या घरात शिकण्याला काय किंमत पडत होती, तेही कुणाबद्दल कडवट न होता नोंदवून ठेवले.

ज्या बाईने ही किंमत स्वतः मोजली, तिनेच पुढे १९०९ साली पुण्यात सेवासदनाचे काम उभारले आणि प्रौढ बायकांना, विधवांना, लग्न झालेल्यांना शिकविण्याची सोय केली. परिचारिकेचे शिक्षण देऊन बायकांना कामाला लावण्यात त्या संस्थेचा मोठा वाटा आहे. पुस्तक आणि संस्था ह्यांना मी वेगळे मानीत नाही. शिकणाऱ्या बाईला काय अडते हे जिला आतून ठाऊक आहे, तिचीच शाळा टिकते.

लक्ष्मीबाई टिळकांची गोष्ट निराळी. ‘स्मृतिचित्रे’ १९३४ ते १९३६ ह्या काळात पुस्तकरूपाने आली, आणि मराठी घरांत तिचे मोठ्याने वाचन होऊन पोट धरधरून हसणे झाले. ह्या हसण्याचे मर्म काय? बाई आपल्या चुका लपवीत नाहीत. आपले अज्ञान, आपला गोंधळ, आपली भाबडी समजूत त्या अशा काही सांगतात की, वाचणाराला त्यांच्यावर हसता हसता त्यांचा हेवा वाटू लागतो. विनोदी लेखिका म्हणून त्यांचे कौतुक आपण पुष्कळ केले. मला मात्र त्यांच्या विनोदात एक हक्क बजावलेला दिसतो, चुकण्याचा हक्क. शाळेत न गेलेली ही बाई चुकत चुकत लिहू लागली आणि त्या चुकांचीच तिने मराठीतील एक अक्षर कलाकृती केली. “चुकलं तर बिघडणार नाही ना?” ह्या प्रश्नाला आपल्या साहित्यात कोणी उत्तर दिले असेल, तर ते लक्ष्मीबाईंनी.

शिकून झाले; पुढे काय? तो प्रश्न विभावरी शिरूरकरांनी १९३३ साली ‘कळ्यांचे निःश्वास’मध्ये विचारला, आणि केवढे वादळ उठले ते सर्वश्रुत आहे. शिकलेली, नोकरी करणारी, अविवाहित मुलगी ही त्या कथांतून पहिल्यानेच आपल्या मनातले बोलली. शिक्षणाने तिच्या हाती पगार आला, पण पगाराबरोबर निर्णय हाती आला नाही. घर ती मिळवती म्हणून हवे तितके तिचे घेते आणि मुलगी म्हणून हवे तितके तिला अडविते. ह्या कथांची रचना पुष्कळ ठिकाणी सैल आहे, भावविवशताही आहे. परंतु शिकणे आणि कमावणे ह्यांच्यापुढे तिसरी एक पायरी असते, ती न चढलेल्या बाईचे काय होते, हे त्यांनी दाखविले. आणि ते आजही शिळे झालेले नाही.

चौथे पुस्तक अगदी अलीकडचे, ऊर्मिला पवारांचे ‘आयदान’, २००३ सालचे. लग्न झाले, मुले झाली, सरकारी कचेरीतील नोकरी चालू आहे, आणि ही बाई एम.ए. करावयास निघते. घरचा विरोध आता माजघरातून येत नाही. तो नवऱ्याकडूनच येतो. रमाबाईंच्या घरात जे दोन पक्ष होते, त्यांची इथे अदलाबदल झालेली पाहून मी क्षणभर थबकलो. पण मला अधिक महत्त्वाचे वाटते ते पुस्तकाचे नाव. आयदान म्हणजे बांबूच्या विणलेल्या वस्तू. लेखिकेची आई त्या विणून मुलांना वाढवीत होती. आणि आईचे ते विणणे व आपले लिहिणे ह्यांची वीण एकच आहे, असे लेखिका म्हणते. नवे कौशल्य कोऱ्या पाटीवर उमटत नाही, हाताला आधीच जे येते त्याच्यावर ते चढते. ही गोष्ट मोठमोठ्या शिक्षणशास्त्र्यांना सांगावी लागते; इथे ती पुस्तकाच्या नावातच आहे.

चार पुस्तके, शंभराहून थोडी कमी वर्षे. वेळ, चुकण्याची मुभा, निर्णय, आणि हातातल्या जुन्या कौशल्याचा मान ह्या चार गोष्टी शिकणाऱ्या बाईला लागतात, असे ती चारही मिळून सांगतात. ह्यानंतरचा अध्याय संगणकाचा असावयास हवा होता. कारण २००१ नंतर महाराष्ट्रात हे शिक्षण घरोघर पोहोचले. एम.एस.-सी.आय.टी. हे नाव ठाऊक नाही असे घर आज विरळा. नोकरीच्या जाहिरातीत ती अट, म्हणून वर्गाला गर्दी. गावोगाव, बाजारपेठेच्या रस्त्यावर त्याच्या पाट्या. इतक्या बायका, मुली त्या पडद्यांपुढे बसल्या, घाबरल्या, शिकल्या, काही परतून गेल्या. त्यांची ‘स्मृतिचित्रे’ कुठे आहेत? आमच्या कथांत संगणक येतो तो अमेरिकेतल्या मुलाशी बोलण्यापुरता, नाहीतर पुण्याच्या एखाद्या कंपनीतील तरुण-तरुणींच्या प्रेमापुरता. बोईसरची ती पुढच्या रांगेतील बाई मला तरी अजून मराठी कथेत भेटलेली नाही.

इथे कोणी म्हणेल, ही तुलनाच गैर. रमाबाई शिकल्या त्या ज्ञानासाठी. ह्या बायका शिकतात त्या आठ-दहा हजारांच्या नोकरीसाठी. अक्षरओळख आणि कळा बडविणे ह्यांना एका तागडीत कसे घालता? आक्षेप वजनदार आहे, पण मला तो पटत नाही. सेवासदनात शिकलेल्या बायकाही पोटासाठीच शिकत होत्या, आणि म्हणून त्यांचे शिकणे हिणकस ठरले नाही. ज्या घरात महिन्याच्या वीस तारखेनंतर किराणा उधारीवर येतो, त्या घरात बाईच्या हाती आलेला पगार ही ज्ञानाहून हलकी वस्तू आहे, असे म्हणण्याचा अधिकार भरल्या घरात बसून लिहिणाऱ्या टीकाकाराला नाही.

तेव्हा साहित्यात जे सापडले नाही ते शोधण्यासाठी मी उलट बाजूने गेलो, आणि प्रशिक्षणाची पुस्तकेच साहित्य म्हणून वाचली. वहिनीचे पुस्तक, एका दुसऱ्या वर्गाचे जुने पुस्तक, सरकारी योजनांची माहितीपत्रके. त्यांची भाषा पूर्वीपेक्षा पुष्कळच सुधारली आहे. मराठीतून शिकता येते, चित्रे स्वच्छ आहेत, पायरीपायरीने सांगितलेले आहे. हे श्रेय दिलेच पाहिजे. पण लेखकाच्या डोळ्यांपुढे जो वाचक आहे, तो कोण? त्याला सकाळी उठून डबे करावयाचे नाहीत. त्याला कोणी हाक मारीत नाही. तो चौदा वर्षे कामाबाहेर नव्हता. उदाहरणादाखल दिलेला तक्ता कोण्या कंपनीच्या चार शहरांतील विक्रीचा, आणि नमुन्याचा अर्ज करणारा ‘आपला विश्वासू’. पुस्तकात कळ आहे, पण ती दाबणारी बाई नाही. साहित्यात बाई आहे, पण कळ नाही. असा हा दुहेरी तोटा.

सरकारी योजनांचा मजकूरही असाच बोलका असतो. ग्रामीण भागासाठी २०१७ साली पंतप्रधान ग्रामीण डिजिटल साक्षरता अभियान निघाले. ते मार्च २०२४ अखेर संपले. सहा कोटी घरांचे उद्दिष्ट, वीस तासांचा अभ्यासक्रम, चौदा ते साठ हे वय, आणि एका घरातून एक व्यक्ती. कल्पना उदार, आणि पुष्कळांनी तिचा लाभही घेतला. पण ‘एका घरातून एक’ हे तीन शब्द टीकाकाराच्या नजरेने वाचून पाहा. घरात कॉलेजला जाणारा मुलगा आहे आणि त्याची आईही आहे. एक नाव द्यावयाचे आहे. आई कोणाचे नाव देईल? बायकांना प्राधान्य द्यावे असे कागदावर कितीही लिहा, आईचे उत्तर आपल्या सर्वांना ठाऊक आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत इंटरनेट कधीतरी वापरलेल्या स्त्रिया देशात शंभरात सुमारे तेहतीस आणि पुरुष सत्तावन्न निघाले. ह्या अंतराच्या मागे अशी किती उत्तरे असतील!

आता पुन्हा वहिनीकडे येतो. तिची अडचण मला आधी कळलीच नाही. संगणकावर मराठी लिहावयास बसली की ती रडकुंडीला येई. “भाऊजी, बोटं जातात तिथं अक्षरच नाही!” म्हणे. जुन्या टंकयंत्रावर तिची बोटे रेमिंग्टनच्या मांडणीवर बसलेली होती. पडद्यामागची मांडणी इन्स्क्रिप्टची, म्हणजे स्वर डाव्या हाताला आणि व्यंजने उजव्या. चौदा वर्षांनी बोटांना सारे आठवत होते, आणि तेच आठवणे तिला चुकवीत होते. शिकविणाऱ्या मुलाने टंकयंत्र पाहिलेच नसावे. शेवटी कोणीतरी सांगितले की, रेमिंग्टनची मांडणी संगणकातही निवडता येते. ती निवडली मात्र, आणि आमच्या वहिनीने वर्गात सगळ्यांच्या आधी पानभर मजकूर उतरवून दाखविला. तोच हात, तेच यंत्र. बदलली होती ती फक्त तिच्या जुन्या कौशल्याला मिळालेली जागा. ‘आयदान’ त्या दिवशी मला पुन्हा आठवले.

त्याच वर्गात पुढे आणखी एक गंमत झाली. तक्त्याचा धडा चालला होता. चार शहरांची ती विक्री कोणाच्या डोक्यात शिरेना. तेव्हा तो मुलगा, त्याला काय सुचले देव जाणे, म्हणाला, “ताई, तुमच्यात बचतगटाची वही कोण लिहितं?” तिघींनी हात वर केले. “मग तीच मांडा.” नावे उभ्या रकान्यात, महिने आडवे, हप्ता, कर्ज, व्याज. वीस मिनिटांत तक्ता उभा राहिला. बेरजेचे सूत्र घातल्यावर खाली आकडा उमटला, तेव्हा चिंचणीच्या बाईने तो मानला नाही, तिने बोटांच्या पेरांवर बेरीज केली, मान हलविली आणि म्हणाली, “बरोबर आहे त्याचं.” मला त्या वाक्याने फार आनंद झाला. परीक्षा बाईची नव्हती, यंत्राची होती, आणि ते उत्तीर्ण झाले होते.

ही दृष्टी पालघर जिल्ह्याला नवी नाही. किंबहुना इथल्याच मातीतील ती आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ ह्यांनी १९४५ मध्ये बोर्डीला आणि १९५७ पासून कोसबाडला जे काम केले, त्याचे सार काय? मूल शाळेत येत नाही ना, मग शाळा त्याच्या अंगणात न्या. ते गुरे राखावयास जाते ना, मग कुरणावरच शाळा भरवा. कुरणशाळा हे नाव तिथलेच. साधने म्हणाल तर शिंपले, बिया, पाने. बालविधवा होऊन पुढे शिकलेल्या अनुताईंनी स्वतः पन्नाशी उलटल्यावर बी.ए. केले, तेव्हा उशिरा शिकणाऱ्याला काय लागते, हे त्यांना पुस्तकातून वाचावे लागले नव्हते. अंगणातली ती बालवाडी पुढे देशभर झाली. १९७५ मध्ये एकात्मिक बालविकास योजना आली आणि अंगणवाडी हा शब्द साऱ्या भारताचा झाला.

आणि नियतीचा खेळ असा की, ह्याच अंगणवाडीच्या बायका आज खेड्यापाड्यांतील संगणकयुगाच्या पहिल्या कारकून झाल्या आहेत. बाळाचे वजन, गरोदर बाईची नोंद, आहाराचा हिशेब, सारे मोबाईलवर. २०२१ साली पोषण ट्रॅकर आला. त्या साली महाराष्ट्रातील हजारो सेविकांनी सरकारने दिलेले मोबाईल परत केले, हे वर्तमानपत्रांत आपण वाचले. फोन जुने, वारंवार बंद पडणारे. आणि त्यावर नोंदी करावयाच्या त्या इंग्रजीत, ही त्यांची तक्रार. पुढे मराठीसह अनेक भाषांची सोय झाली, हे चांगलेच झाले. परंतु मुळात अशी चूक झाली कशी? जिच्या हाती यंत्र द्यावयाचे तिची भाषा कोणती, हे आधी विचारावे, एवढे कोसबाडच्या टेकडीवर १९५७ सालीही ठाऊक होते. त्या सेविकांनी फोन परत केले, त्याला काहींनी यंत्राची भीती म्हटले. मी त्याला परीक्षण म्हणतो. त्यांनी एक कृती वाचली, तिचे दोष सांगितले आणि ती सुधारून मागितली. आम्ही टीकाकार ह्याहून वेगळे काय करतो?

आपल्याच जिल्ह्यातला आणखी एक दाखला मनात ठेवण्यासारखा आहे. वारली घरात लग्नाचा चौक लिहितात, तो सवाशिणींनी. धवलेरी गाणी म्हणते आणि भिंतीवर तांदळाच्या पिठाने देवीचा चौक उभा राहतो. शतकानुशतके हे बायकांचे काम. १९७०च्या दशकात ही कला भिंतीवरून कागदावर आली, आणि तिला जगात नाव मिळाले. डहाणूकडच्या गंजाडचे जिव्या सोमा मशे हे थोर कलावंत. त्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली, २०१८ मध्ये ते गेले. त्यांच्या थोरवीविषयी वादच नाही. पण माध्यम बदलले, बाजार आला, तेव्हा पहिल्या पिढीत पुढे आलेली नावे बहुतेक पुरुषांची होती, हेही खरे. बायकांचे नाव कागदावर यावयास आणखी वेळ लागला. कौशल्य नव्या माध्यमात जाते तेव्हा ज्याच्याजवळ ते मुळात होते त्याच्याकडेच ते राहील, अशी हमी नसते. बचतगटाची वही आज बाईच्या हातात आहे. उद्या ती पडद्यावर गेली, तर तिथे बोट कोणाचे असेल?

हा प्रश्न काल्पनिक नाही. मुख्यमंत्री लाडकी बहीण योजना २०२४ साली आली आणि २०२५ मध्ये तिच्यासाठी ई-केवायसी करावयास सांगितले गेले, तेव्हा गावोगावच्या सेवाकेंद्रांपुढच्या रांगा आपण पाहिल्या. स्वतःच्या आधारबरोबर पती किंवा वडील ह्यांच्या आधारचीही पडताळणी त्यात मागितली होती. पैसे बहिणीचे, पण आकडा येणार घरातल्या पुरुषाच्या फोनवर, आणि तो पुरुष कामावर! त्या रांगेतील कितीतरी जणींजवळ प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र असेलही. उपयोग काय? कळ दाबता येणे वेगळे, आणि फोन आपला असणे वेगळे. विभावरींनी सांगितलेली तिसरी पायरी ती हीच.

नोकरीचेही तसेच. तारापूरच्या वसाहतीत बाईला मिळण्याजोगे काम आहे. २०१७ च्या जुलैपासून वस्तू व सेवाकर आला, पाठोपाठ मालाच्या गाडीबरोबर जाणारे ई-वे बिल आले. कोठारात, मालरवानगीत, हिशेबात संगणकावर बसणारे माणूस लागतेच. डहाणूपर्यंत लोकल २०१३ पासून धावते, त्यामुळे पालघर-बोईसर हा प्रवासही अवघड राहिलेला नाही. पण पाळी सुटते सहाला, गाडीला उशीर, आणि घरी लहान मूल. पन्नास वा अधिक कर्मचारी असतील तिथे पाळणाघर हवे, अशी तरतूद २०१७ च्या दुरुस्तीने कायद्यात झाली. लहान कारखाने आणि कंत्राटदार तिच्या बाहेरच राहिले. कौशल्य शिकवून बाईला दारापर्यंत आणावयाचे आणि मुलाला कोण पाहणार हे तिच्यावरच सोडावयाचे, हे शिक्षण अर्धवट होय. प्रशिक्षणाच्या पुस्तकात ह्याला एक पान असावे, असे मला गंभीरपणे वाटते: काम कुठे, वेळ कोणती, पगार किती, मूल कोणाकडे. रमाबाईंनी ते पुस्तक लिहिले असते तर हे पान त्यांनी पहिले ठेवले असते.

आणि आम्हां लिहिणारांचे काय? संगणकावर कथा लिहा, अशी मागणी मी करीत नाही. मागणीवरून लिहिलेल्या कथा कशा होतात ते आपण जाणतो. पण ह्या जिल्ह्यातील दुपारच्या दोन ते चारच्या वर्गात मराठी साहित्याचे एक अख्खे दालन बसलेले आहे, आणि त्याच्याकडे पाठ करून आम्ही जुन्या वाड्यांच्या आठवणी लिहीत आहोत, हे मला सलते. कोण जाणे, त्या वर्गातलीच कोणी ते लिहील. लक्ष्मीबाईंना तरी कुठे कोणी सांगितले होते!

वहिनीला काम मिळाले की नाही, असे तुम्ही विचाराल. हे लिहीपर्यंत दोन ठिकाणी तिने अर्ज दिले आहेत. एका ठिकाणी बोलावणे आले, पण वेळ रात्री आठपर्यंतची, म्हणून तिने नाही म्हटले. दुसऱ्याची ती वाट पाहते आहे. दिवाळीत तिच्या घरी फराळाला गेलो तेव्हा चिवड्याची बशी पुढे करीत तिने सांगितले की, पुढच्या रांगेतली ती बाईही अजून येते. एक दिवस चुकवीत नाही. त्या पहिल्या दिवशी शिकविणाऱ्या मुलाने तिला उत्तर काय दिले होते, हे सांगावयाचे राहूनच गेले. तो म्हणाला होता, “ताई, चुकलं तर कंट्रोल धरून झेड दाबा. मागचं जसंच्या तसं परत येतं.” तिने ते तीनदा करून पाहिले. मुद्दाम चूक केली, मागे आणली. पुन्हा केली, पुन्हा मागे आणली. मग मोकळेपणाने ती लिहू लागली.

यंत्र इतक्या सहज क्षमा करते. घराने आणि कारखान्याने निदान तेवढी तरी करावी, एवढेच ह्या टीकालेखाचे मागणे आहे.